सहा महिने, १,४९९ रुपये आणि ‘एन्डेव्हर’ म्हणजे चेष्टा

परवा सकाळी सात वाजता बँकेचा मेसेज आला: १,४९९ रुपये वजा. जीआरई, म्हणजे परदेशात पुढे शिकायला लागणारी परीक्षा, देऊन बारा दिवस झाले, निकाल हातात आला, आणि शब्दांच्या या अ‍ॅपने पुढच्या सहा महिन्यांचे पैसे परस्पर कापून घेतले. ऑटोपेची सूचना आदल्या दिवशी आली होती म्हणे. असेल, पिझ्झाच्या जाहिरातींखाली गाडली गेली असेल. अ‍ॅपचं नाव लिहीत नाही. ज्यांनी ‘मराठी अर्थासह’ ही पाटी बघून पैसे भरलेत, ते ओळखतीलच.

डिसेंबरात घेतलं तेव्हा माझा व्हर्बल, म्हणजे इंग्रजी भाषेच्या भागाचा स्कोअर, १४६ होता. परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्या पॉवरप्रेप या सराव परीक्षेच्या दोन चाचण्या फुकट मिळतात, त्यातल्या पहिलीत आलेला. क्वांटची, म्हणजे गणिताच्या भागाची, काळजी नव्हती, मी मेकॅनिकलचा. इंग्रजी मात्र आठवीपासून ‘सेमी’, म्हणजे गणित-विज्ञानापुरतं. त्यामुळे मराठी अर्थ देणारं अ‍ॅप दिसल्यावर वाटलं, हे आपल्यासाठीच आहे.

पहिला महिना मजेत गेला. कंपनीच्या बसमध्ये चाकणला जाता-येता रोज चाळीस कार्डं. चुकलेला शब्द दुसऱ्या दिवशी परत, मग चार दिवसांनी, मग दहा दिवसांनी. हे तंत्र खरंच चांगलं आहे आणि त्याचे पाच तारे मी आजही देईन. फेब्रुवारीत मी इथेच पाच तारे देऊन दोन ओळी लिहिल्याही होत्या. त्या आता काढल्यात.

झालं असं, की एके दिवशी ‘एन्डेव्हर’चं कार्ड आलं. अर्थ: चेष्टा. मला वाटलं टायपिंगची चूक. मग ‘डायडॅक्टिक’: शिक्षाप्रद. मी बसमध्ये मोठ्याने हसलो. डायडॅक्टिक म्हणजे बोधप्रद, उपदेश करणारं. आमच्या पीटीच्या सरांना मात्र शिक्षाप्रद अगदी शोभलं असतं. मग ट्यूब पेटली. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, शिक्षा म्हणजे शिक्षण. या लोकांनी हिंदी अर्थ जसेच्या तसे उचलून वर मराठीचं लेबल चिकटवलंय! लिपी एकच, कोणाला कळतंय?

हसण्यावारी नेलं असतं, पण ‘डीमर’ने दगा दिला. अ‍ॅपमध्ये अर्थ होता आपत्ति. हिंदीत हरकत, मराठीत संकट. मी तीन आठवडे डीमर म्हणजे संकट असं घोकत होतो. सरावाच्या एका प्रश्नात सहापैकी दोन पर्याय निवडायचे होते, ज्यांनी दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा होईल असे. तिथे मी डीमर सोडून दिला. या प्रकाराला अर्धे मार्क नाहीत, एक चुकला की दोन्ही गेले.

कस्टमर केअरला नऊ मेल पाठवले. पहिल्या आठांना ‘आपला अभिप्राय मोलाचा आहे’. नवव्यानंतर एन्डेव्हरचं कार्ड बदललं: ‘प्रयास’. मराठीतही प्रयास आहेत म्हणा, प्रयासाने म्हणजे मोठ्या कष्टाने. पण ‘प्रयत्न’ हा शब्द पहिलीतल्या मुलाला येतो, तो यांना सापडू नये? आई शिक्षिका होती. तिला दाखवलं तर म्हणाली, “अरे, तू पैसे देऊन त्यांची मुद्रितं तपासतोयस.”

मार्चमध्ये दुसरी पॉवरप्रेप दिली. अकराशे शब्द पाठ आणि मार्क १४७. एकाने वाढले.

तेव्हा चुकांची उजळणी केली आणि अ‍ॅपवरचा राग थोडा निवळला, कारण निम्मा दोष माझाच होता. मला न येणारे शब्द फारसे नव्हतेच. अडलो होतो ते ‘येणाऱ्या’ शब्दांवर. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणे एवढंच मला माहीत. ‘क्वालिफाइड प्रेझ’ म्हणजे हातचं राखून केलेली स्तुती. सँक्शन म्हणजे मंजुरी, आणि निर्बंधही. टेम्पर म्हणजे मुरड घालणे. फ्लॅग म्हणजे मरगळणे. डिसइंटरेस्टेड म्हणजे तटस्थ, रस नसलेला नव्हे. ही परीक्षा असल्या ओळखीच्या चेहऱ्यांनीच फसवते.

मग दोनशे पानी वही घेतली, पस्तीस रुपयांची. अ‍ॅपमधला ‘मराठी अर्थ’ बंद केला आणि अर्थ स्वतः लिहायला लागलो. आई स्वयंपाकघरातून शब्द पुरवायची. इक्विव्होकेट: मोघम बोलणे. गॅर्युलस: बोलघेवडा. ऑब्सिक्वियस: लाळघोट्या. इन्जेन्युअस: भाबडा, आणि त्याच्या शेजारचा इन्जीनियस: कल्पक. फ्रूगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. दुसऱ्यापुढे आईने स्वतःच्या हाताने कंसात माझं नाव लिहिलं. पण छटा पक्की बसली: एकात कौतुक, दुसऱ्यात टोमणा.

प्रश्न सोडवायची रीतही बदलली. पर्यायांवर हात ठेवायचा, ‘ऑल्दो’, ‘फार फ्रॉम’ असले वाक्य वळवणारे शब्द हेरायचे आणि गाळलेल्या जागी आधी आपला मराठी शब्द घालायचा. ‘टीकाकारांनी वाहवा केली खरी, पण…’ इथे ‘हातचं राखून’ मनात आलं की क्वालिफाइड आपोआप दिसतो.

अ‍ॅपचे बाकीचे दोष थोडक्यात. त्यातली सराव परीक्षा अजून २० प्रश्न ३० मिनिटांची आहे. सप्टेंबर २०२३ पासून व्हर्बलचा पहिला विभाग १२ प्रश्न १८ मिनिटांत आणि दुसरा १५ प्रश्न २३ मिनिटांत असतो. विरुद्धार्थी शब्दांचा खेळ आहे, तो प्रश्नप्रकार २०११ मध्येच बंद झाला. उताऱ्यांसाठी काही नाही, आणि जवळपास निम्मे प्रश्न उताऱ्यांचेच. हे खरं तर आपत्तिपेक्षा मोठे दोष आहेत, मला कळतं. पण माझी तार तिथे सटकत नाही.

जूनमध्ये १५७ आले. यातले किती वहीचे आणि किती अ‍ॅपचे? शब्द विसरू न देण्याचं काम अ‍ॅपने इमाने केलं, तेव्हा तीन मार्क त्याचे धरू. तीन मार्कांना १,४९९ मी एकदा देईन, दोनदा नाही.

पैसे परत मागितले, तर ‘धोरणानुसार शक्य नाही’. तेव्हा लॉगिन मामेबहिणीला दिलंय, तिची परीक्षा नोव्हेंबरात आहे. वहीची झेरॉक्स दिली, मूळ वही नाही. तिने काल रात्री अ‍ॅपचा फोटो पाठवला: ‘मन्डेन: सांसारिक’. खाली तिचा प्रश्न, “दादा, म्हणजे लग्न झालेला का रे?”

दहावा मेल पाठवलाय.