कमी चाललेली जुनी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० : बडोद्यात घ्यायची असेल तर

बडोद्यातल्या ऑटो कन्सल्टंटकडे, म्हणजे जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे, ‘बारा वर्षं जुनी, पण फक्त नऊ हजार चाललेली’ क्लासिक ३५० उभी असली की तिचा भाव लगेच चढा सांगितला जातो. आमचं मत उलट आहे. कमी किलोमीटरचे जादा पैसे देऊ नयेत, जमल्यास कमीच करून मागावेत. गाडी म्हणून ती घेण्यासारखी आहे, पण एवढी वर्षं ती कुठे आणि कशी उभी होती हे कळल्याशिवाय नाही.

हे सगळं २०१९ पर्यंतच्या, यूसीई इंजिनाच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत) कार्ब्युरेटरवाल्या गाडीबद्दल. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. २०२० च्या सुरुवातीला तिला फ्युएल इंजेक्शन आलं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये इंजिनच नवं आलं, तिचा हिशोब वेगळा. जुनं इंजिन ३४६ सीसीचं, दोन प्लगचं, हायड्रॉलिक टॅपेटचं. टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग; इथे ते ऑइलच्या दाबाने आपोआप जुळतात, म्हणजे टॅपेट सेटिंगची कटकट नाही. ताशी ८० पर्यंत ती मजेत चालते, त्यापुढे हँडल आणि फूटरेस्ट थरथरू लागतात. हा दोष नाही, तिचा स्वभाव आहे. मागचा डिस्क ब्रेक २०१७ नंतरच्या गाड्यांना आणि एबीएस त्याच्याही नंतर आलं, तेव्हा २०१२-१३ च्या गाडीला मागे ड्रमच असणार.

बडोद्यात किलोमीटरच्या आधी पुराचं विचारावं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला आणि ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीचं पाणी सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये दिवसेंदिवस राहिलं. उभ्या गाड्या आधी बुडतात, कारण त्या हलवायला कोणी नसतं. विकताना हे कोणी आपणहून सांगत नाही. हेडलाइटची रिंग सोडवून आत टॉर्च मारा : वायरिंगच्या जोडांवर पिवळट गाळाची भुकटी किंवा हिरवी कीट असेल तर गाडी पाण्यात होती. सीटखाली, बाजूच्या पेट्यांच्या तळाशी, एअर फिल्टरच्या घडीत तोच गाळ सापडतो. धुलाई बाहेरून होते, तिथे कोणाचा हात जात नाही. इंजिनाच्या उजवीकडच्या छोट्या काचेत ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. अशी गाडी सोडून द्या, कितीही स्वस्त असली तरी. इंजिन उघडून निभावेल, पण वायरिंग आणि बेअरिंगं वर्षभर एकेक करून त्रास देत राहतात.

नऊ हजारांचा आकडा खरा आहे का? मीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतं. केबल सोडली की आकडा थांबतो, आणि सोडायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून आकड्यापेक्षा झीज बघावी. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं, डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढी धार, मागच्या चेनच्या चक्क्याचे दात एका बाजूला वाकलेले : यातलं काहीही असेल तर नऊ हजार विसरा. सर्व्हिसची जॉब कार्डं असतील तर त्यावरचे आकडे तारखेप्रमाणे लावून बघा.

गाडी बघायला सकाळी जा आणि आधी इंजिनाला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी सुरू करून ठेवली होती, म्हणजे गार असताना ती नीट लागत नसावी. चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढून किकने लावायला सांगा. खूप दिवस उभ्या गाडीचे टॅपेट पहिले काही सेकंद खटखटतात, कारण त्यांच्यातलं ऑइल उतरलेलं असतं. मिनिटभरात आवाज गेला पाहिजे. इंजिन तापल्यावरही राहिला तर भावाची बोलणी तिथेच थांबवा.

मग सेल्फ. या इंजिनाचं ओळखीचं दुखणं म्हणजे स्प्रॅग क्लच. स्टार्टर मोटरचा जोर एकाच दिशेने इंजिनाला देणारा हा भाग. बॅटरी अशक्त असताना सेल्फ मारला तर पिस्टन वर चढत नाही, इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅगवर बसतो. उभ्या गाडीची बॅटरी अशक्तच असते आणि मालक महिन्यातून एकदा सेल्फच मारतो, म्हणून कमी चाललेल्या गाडीत हा बिघाड जास्त भेटतो. सेल्फ मारताना कर्र आवाज आला किंवा मोटर नुसतीच फिरली तर कव्हर उघडायचा खर्च धरा. मल्टिमीटर जवळ असू द्या : बंद गाडीत १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५. यापेक्षा कमी असेल तर चार्जिंग बघावं लागेल, नुसती बॅटरी बदलून भागणार नाही.

क्लच दाबून, गाडी बंद असताना, पहिल्या गिअरमध्ये ढकलून बघा. चाक अडलं तर क्लचच्या प्लेटा चिकटल्या आहेत. बऱ्याचदा त्या चालवून सुटतात.

टाकीचं टोपण उघडून वास घ्या. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा उग्र वास येतो, आणि तेच पेट्रोल कार्ब्युरेटरच्या स्लो जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, सुकून बसलेलं असतं. म्हणून गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. जेट क्लीनर आणि हवेने साफ करायचा, तार घालायची नाही. भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. आता पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की तळाला गंज धरतो. पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरमागचा रबरी जोड वाकवून बघा. भेगा असतील तर बदलायचेच.

टायरच्या कडेला चार आकडे असतात : २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी असली तरी दहा वर्षांचं रबर ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. दोन टायर ट्यूबसकट, बॅटरी, फोर्कचे ऑइल सील, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल आणि फिल्टर, पेट्रोल पाइप, कार्ब्युरेटरची सफाई, कदाचित चेन सेट : आमच्या अंदाजाने पंधरा हजारांच्या आसपास. हे पैसे विक्रेत्याच्या भावातून वजा व्हायला हवेत. इंजिन ऑइल १५डब्ल्यू५० घाला आणि पहिलं पाचशे किलोमीटरला पुन्हा बदला.

कागद. जीजे-०६ ची, म्हणजे बडोद्यातच नोंदलेली, गाडी असेल तर एमपरिवहन अॅपवर आरसीची मुदत, कर्जाचा बोजा आणि चलन बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे २०१२ च्या गाडीला २०२७ मध्ये फॉर्म २५ भरून नूतनीकरण आलंच. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ मध्ये ठरलेला दर या सीसीला १,३६६ रुपये, अधिक कर. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. पुण्याची किंवा इंदूरची गाडी असेल तर आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. आणि ‘बाबांची गाडी आहे, ते गेल्यापासून उभीच आहे’ असं कोणी म्हणालं, तर आधी फॉर्म ३१ ने ती वारसाच्या नावावर होऊ द्या. तोवर टोकन देऊ नका.