छोटा बोर्ड: राउटर करावा की राउटरच्या मागे ठेवावा?

स्वस्तात घरभर केबलचं नेटवर्क करायचं आणि त्यासाठी एखादा छोटा बोर्ड, म्हणजे एकाच पट्टीवरचा चिमुकला संगणक, वापरायचा असा बेत असेल, तर बोर्ड कोणता हे नंतर बघा. आधी त्याला काम काय देणार ते ठरवा. बाहेरचं इंटरनेट त्याच्यातून घरात येणार, की इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर आहे तिथेच राहणार आणि बोर्ड आतली कामं सांभाळणार?

आतल्या कामांना कपाटात पडून असलेला रास्पबेरी पाय ३ बी सुद्धा पुरतो. त्यावर पाय-होल हा जाहिराती अडवणारा प्रोग्रॅम टाकला की घरातल्या सगळ्या फोन-टीव्हीवरच्या बऱ्याचशा जाहिराती अडतात, आणि त्या कामाला वेग लागतच नाही. फायली ठेवायच्या म्हटल्या की फरक कळतो. ३ बीचा पोर्ट १०० एमबीपीएसचा, त्यामुळे १० जीबीचा व्हिडिओ हलवायला जवळजवळ पंधरा मिनिटं जातात. पाय ४ ला खरा गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट आणि यूएसबी ३ आहे. डिस्क चांगली असेल तर तेच काम दोन मिनिटांच्या आत होतं. मधला ३ बी प्लस मी कुणाला नवा घ्यायला सांगणार नाही. कागदावर गिगाबिट असतं, पण पोर्ट आतून यूएसबी २ वर जोडलेला असल्याने गाडी ३०० एमबीपीएसच्या आसपास अडते.

राउटर करायचा तर हिशेब बदलतो. राउटरला दोन पोर्ट हवेत, एक बाहेरच्या इंटरनेटसाठी आणि एक घरातल्या नेटवर्कसाठी, आणि पाय ४ ला एकच आहे. दुसरा यूएसबी अडॅप्टरने मिळतो, किंवा व्हीलॅन (एका केबलवर वेगवेगळी नेटवर्कं चालवायची सोय) कळणारा मॅनेज्ड स्विच, म्हणजे सेटिंग करता येणारी केबल जोडायची पेटी, घेऊन एकाच केबलवर आतली आणि बाहेरची वाहतूक वेगळी ठेवता येते. स्विचची पद्धत मला जास्त भरवशाची वाटते, कारण अडॅप्टर जरा ओढला गेला तर अख्ख्या घराचं इंटरनेट जातं. पण व्हीलॅनची सेटिंग पहिल्यांदा करणाऱ्याचा घाम काढते. म्हणून बोर्ड विकतच घ्यायचा असेल आणि काम फक्त राउटरचं असेल, तर नॅनोपाय आर२एससारखा दोन गिगाबिट पोर्टांचा बोर्ड घ्या. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या मोफत सॉफ्टवेअरची तयार इमेज मेमरी कार्डावर टाकली की तो कामाला लागतो.

वाय-फायचा खर्च मात्र इथे हमखास विसरला जातो. आर२एसला वाय-फाय नाही, आणि कंपनीच्या डब्याचं (राउटरचं) वाय-फाय तुमच्या नव्या नेटवर्कच्या बाहेर राहतं. जुना राउटर असेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि केबल वॅन (बाहेरच्या) पोर्टात न लावता लॅन (आतल्या) पोर्टात लावा; तो ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वाय-फाय देणारा डबा, होतो. जुना राउटर नसेल, तर कंपनीचा डबा न हलवता साधा पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच घेणं केव्हाही स्वस्त.

पैसे वाचवायची जागा केबल नव्हे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. ती घेऊ नका. पूर्ण तांब्याची कॅट-५ई गिगाबिट वेग १०० मीटरपर्यंत नेते, फ्लॅटमध्ये कॅट-६ चा अट्टहास नको. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच. त्यामुळे क्रिम्पिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही तरी इंटरनेट चालू दिसतं, वेग मात्र १०० वर अडकतो. म्हणून केबलची पट्टी भिंतीवर ठोकण्याआधी गिगाबिट पोर्टाच्या बोर्डावर इथटूल ही कमांड चालवून वेगाच्या ओळीत १००० दिसतात का ते बघा. शंभर दिसले तर दोन्ही टोकं कापून पुन्हा क्रिम्प करा.

वीज वारंवार जाणाऱ्या गावात आणखी एक गोष्ट तपासा. राउटरसाठी मिळणारे बरेचसे मिनी यूपीएस १२ व्होल्टचे असतात आणि हे बोर्ड ५ व्होल्टवर चालतात. पाय ४ ला तर ३ ॲम्पिअर देणारा पुरवठा लागतो. दोन्ही व्होल्टेज देणारा यूपीएस मिळत नसेल, तर राउटरचं काम कंपनीच्या डब्याकडेच राहू द्या. वीज गेल्यावर बोर्ड बंद पडला तरी इंटरनेट चालू राहील. तेव्हा राउटरमध्ये दुसरा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) पत्ताही भरून ठेवा, नाहीतर पाय-होल बंद पडल्यावर एकही साइट उघडणार नाही.