एफएमजीईसाठी क्यूबँक: सात-आठ महिने वापरल्यावर

माझी डिग्री किर्गिझस्तानची. भारतात प्रॅक्टिस करायची तर एफएमजीई, म्हणजे परदेशात वैद्यकीय पदवी घेतलेल्यांची पात्रता परीक्षा, पास व्हावीच लागते: ३०० प्रश्न, १५० बरोबर आले की सुटलो, निगेटिव्ह मार्किंग नाही. ऐकायला सोपं वाटतं. त्यासाठी एका अ‍ॅपची क्यूबँक, म्हणजे स्पष्टीकरणासह सराव प्रश्नांचा संच, घेतली. नाव देत नाही, कारण खालच्या तक्रारी रूममेटच्या अ‍ॅपलाही थोड्याफार फरकाने लागू आहेत.

क्यूबँकेचा खरा फायदा झाला तो तिकडच्या वॉर्डात कधी दिसलंच नाही अशा गोष्टींत. विंचूदंशाचा प्रश्न घ्या. शेतमजूर, दरदरून घाम, हातपाय गार, काही तासांनी धाप आणि फेसाळ थुंकी. औषध कोणतं? पर्यायांत अ‍ॅट्रोपिन ठेवलेलं असतं आणि घाम-लाळ बघून हात तिकडेच जातो. उत्तर प्राझोसिन. नुसतं उत्तर पाठ करायला क्यूबँक लागत नाही, पण इथे चारही पर्यायांचा हिशेब दिला होता: विषाने अ‍ॅड्रेनलिनसारखी रसायनं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय दमतं, प्राझोसिन अल्फा रिसेप्टर अडवून तो ताण उतरवतं, तर अ‍ॅट्रोपिनने नाडी आणखी पळते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं हे काम. त्यांचं नाव स्पष्टीकरणात नव्हतं, कोकणातल्या माणसाला ते खटकतंच.

तीच गोष्ट पीएसएमची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या विषयाची. या विषयाला ३० गुण आहेत, मेडिसिनच्या ३३ च्या जवळपास, आणि अ‍ॅनाटॉमी बिचारी १७ वर. सपाट भागात उपकेंद्र ५००० लोकांमागे, डोंगराळ भागात ३००० मागे. लसी ठेवायच्या फ्रिजचं, म्हणजे आयएलआरचं, तापमान २ ते ८ अंश. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर. तिकडच्या प्राध्यापकांनी हे शिकवायचं काही कारणच नव्हतं. व्हिडिओ बघताना डोळे मिटायचे. प्रश्न सोडवताना आकडे डोक्यात बसले, कारण प्रत्येक चुकीचा पर्याय दुसऱ्या कुठल्यातरी प्रश्नाचं बरोबर उत्तर निघतो.

आणि नेमकं याच विषयांत क्यूबँक शिळी आहे, हा माझा मोठा राग. पॅथॉलॉजी वर्षभरात बदलत नाही, कायदे आणि राष्ट्रीय कार्यक्रम बदलतात. क्षयाची औषधं रोज द्यायची हे कधीच ठरलं, कार्यक्रमाचं नावही २०२० मध्ये बदलून एनटीईपी (राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम) झालं, तरी आठवड्यातून तीनदाचं उत्तर बरोबर दाखवणारे प्रश्न सापडतात. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ पासून २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं; इथे अजून १२ चाललंय. फॉरेन्सिकमध्ये (न्यायवैद्यकात) तर जिकडेतिकडे आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, खुनाचं कलम ३०२ होतं ते १०३ झालं, हुंडाबळी ३०४-ब चं ८० झालं. रिपोर्टचं बटण मी अनेकदा दाबलं. एकदाच दुरुस्ती झाली.

टक्केवारीकडे फार बघू नका. दुसऱ्या फेरीत माझे आकडे भलतेच सुंदर झाले, पण केसची पहिली ओळ वाचताच उत्तर आठवत होतं, त्यात माझी हुशारी किती आणि प्रश्नाची ओळख किती कोण जाणे. तयारी किती झालीय ते न पाहिलेल्या ३०० प्रश्नांच्या ग्रँड टेस्टमध्येच, म्हणजे पूर्ण सराव परीक्षेतच कळतं, तीही १५०-१५० च्या दोन भागांत, प्रत्येकी अडीच तास लावून. जेवणानंतरच्या दुसऱ्या भागात माझे गुण दर वेळी घसरायचे, हे विषयवार सोडवताना दिसलंच नसतं. शिवाय आमची बँक नीट-पीजी, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेवाल्यांसाठीही असल्याने दुर्मीळ सिंड्रोमची हौस जरा जास्तच आहे. पन्नास टक्के गुणांची परीक्षा देणाऱ्याने ते प्रश्न खुशाल सोडून द्यावेत.

बाकी अ‍ॅप ठीक. एक्स-रे आणि त्वचेचे फोटो झूम होतात, नेट गेलं तर मात्र फोटो उघडत नाहीत. कोणत्या पर्यायावर किती जणांनी बोट ठेवलं ते दिसतं, तो भाग मी आवर्जून बघते.

पैसे वसूल होतात का? क्लिनिकल विषयांसाठी हो. पण वर्षभराचा प्लॅन घेण्याआधी ट्रायलमध्ये फॉरेन्सिकचे पाच-दहा प्रश्न उघडून पाहा. अजून ३०२ च दिसलं, तर दुसरी बँक बघा, किंवा कलमांचा आणि कार्यक्रमांचा तक्ता स्वतः करायची तयारी ठेवा.