एअर प्लांट: रोपं उत्तम, सूचना अपुऱ्या

ऑनलाइन नर्सरीतून टिलँडसिया आयोनांथाची (मातीशिवाय वाढणाऱ्या एअर प्लांटची एक जात) ३ रोपं मागवली. पॅकिंग छान, रोपं टवटवीत. पण सोबतच्या चिठ्ठीत एवढंच, ‘रोज पाणी फवारा’. ठाण्याच्या पावसाळ्यात तेच केलं आणि पंधरवड्यात एक रोप गेलं. बुडखा काळा, मऊ पडलेला. मधलं पान हलकेच ओढलं तर गाभाच हातात आला. फार वाईट वाटलं. पाणी दिल्यावर रोप सुकवण्याबद्दल चिठ्ठीत एक ओळ लिहायला हवी होती.

उरलेली दोन आता आठवड्यातून एकदा २० मिनिटं पाण्यात बुडवते, उलटी धरून झटकते, पंख्याखाली सुकवते, मगच खिडकीत टांगते. पानं आत वळली की तहान लागली समजायचं. पानांवरची पांढरट लव म्हणजे बुरशी नव्हे, रोप तिनंच पाणी शोषतं, पुसू नका. चार स्टार देतेय. एकाच्या बुडाशी पिल्लू फुटलंय!