दमट हवेत लेपित तारा: चार महिन्यांचा अनुभव
रत्नागिरीच्या हवेत माझ्या अकूस्टिक गिटारच्या साध्या फॉस्फर ब्राँझ तारा तीन आठवड्यांतच काळवंडत आणि दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटजवळ (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीजवळ) बोटांना खरखरीत लागत, म्हणून या वेळी त्याच जाडीचा, म्हणजे ०.०१२ ते ०.०५३ इंचांचा, लेपित संच बसवला. पॉलिमरचा पातळ थर जाड तारांवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या फटींवरूनही पसरलेला असल्याने घाम आणि मळ आत साचत नाही. चार महिन्यांनंतरही मंद्र तारांचा नाद टिकून आहे आणि बोटे सरकवताना होणारी चिरचिर बरीच कमी झाली आहे. नव्याकोऱ्या साध्या तारांची खणखणीत झळाळी मात्र यात नाही. तारा छेडायची पिक (छोटी चकती) घासते तिथे लेपाचे बारीक तंतू सुटले आहेत. दिसायला वाईट, वाजवायला निरुपद्रवी. दर महिन्याला तारा बदलण्याची हौस असणाऱ्याने हा जादा खर्च करू नये.