धुवारीत डोंगा घाटाला लावायचा तर फोन, जीपीएस यंत्र की होकायंत्र?

विदर्भातल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात डोंग्यानं, म्हणजे लहान होडीनं, जाळं टाकायला जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरांचा हल्ली एकच प्रश्न असतो. वाट चुकू नये म्हणून हातातला फोन पुरेल, की पैसे साठवून वेगळं जीपीएस यंत्र घ्यावं?

आधी एक गोष्ट सांगतो. पहिलं साधन डोळे, आणि पुढेही तेच राहणार. अंभोऱ्याचा पूल, चैतन्येश्वराची टेकडी, काठावरची ओळखीची झाडं, एवढ्या खुणांवर माझे काका अंधारातही घाट गाठतात. बाकीच्या साधनांची गरज पडते ती डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे. धुवारी, म्हणजे दाट धुकं, पाण्यावर बसते आणि डोंग्याचं पुढचं टोकसुद्धा धड दिसत नाही.

अशाच एका पहाटे मी फोनच्या भरवशावर होतो. नकाशा उघडला तर कोऱ्या करड्या पडद्यावर नुसता निळा ठिपका. रेंज नव्हती, आणि घरून निघताना नकाशा उतरवून घेतला नव्हता. जाळं ओढून बोटं ओली. दाबावं एकीकडे आणि उघडावं भलतंच. अंगठा बनियनला पुसत कसाबसा अंदाज घेतला आणि वल्हं मारलं. काठ लागला तेव्हा काका हळूच म्हणाले, "हा आपला घाट नोहे गा."

त्या दिवशी जीपीएस मात्र चुकलं नव्हतं. फोनला आपली जागा उपग्रहांकडून कळते, त्याला टॉवर लागत नाही. उघड्या आकाशाखाली साधा फोनही साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो. नेट लागतं ते नकाशा आणायला आणि पहिली जागा लवकर सापडायला. नेट नसेल तर त्या पहिल्या वेळेला कधी कधी काही मिनिटं जातात. म्हणून फोन घाटावरच सुरू करावा आणि जागा पक्की झाली की डोंगा सोडावा.

ॲपमध्ये माझी पसंती ओस्मअँडला. गूगल मॅप्समध्येही नकाशा उतरवून ठेवता येतो, पण ते रस्त्यावरच्या माणसासाठी बनलेलं आहे. ओस्मअँड आपण गेलेल्या वाटेची रेघ नोंदवून ठेवतं, आणि धरणाच्या पाण्यात या रेघेइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही. समुद्रात जाणाऱ्यांसाठी डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय खोली दाखवणारे नकाशे काढतं. शिडाच्या बोटीवरचा माणूस फोनवर तसले नकाशे बघतो. आपल्या पाण्याचा नकाशा म्हणजे सपाट निळा रंग. खाली बुडालेली खोडं, विहिरी, घरांची जोती त्यात नाहीत. धरण भरतं तेव्हा पातळी समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर असते. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ कुठच्या कुठे सरकतो, नकाशातला मात्र तिथेच राहतो. म्हणून ज्या वाटेनं नीट गेलो, त्याच रेघेवरून परत यायचं.

फोनची खरी कमजोरी पाणी, ऊन आणि बॅटरी. प्लॅस्टिकचा पाऊच घेतला तर पाणी थांबतं. पण मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात ठेवलेला बंद पाऊच फोनला इतका तापवतो की तो स्वतःहून बंद पडतो. ओल्या गमछाच्या सावलीत ठेवावा. विमान मोडवर टाकला तर टॉवर शोधण्यात बॅटरी जात नाही आणि जागा दिसत राहते. आणखी एक, पडद्यावरच्या बाणावर डोंगा थांबलेला असताना विश्वास ठेवू नका. थांबल्यावर तो फोनमधल्या चुंबकीय सेन्सरवर फिरतो, आणि पाऊचच्या बटणातलं चुंबकही त्याला फसवतं.

हातात धरायचं जीपीएस यंत्र या बाबतीत सरस आहे. बटणं असतील तर ओल्या बोटांनीही दाबता येतात. गार्मिनचं साधं ईट्रेक्स दोन पेन्सिल सेलवर निदान वीसेक तास चालतं आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास पडलं तरी टिकावं असं बनवलेलं असतं. पण पैसे चांगल्या फोनइतके जातात, आणि खोली तेही दाखवत नाही. घ्यायचंच तर उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मात्र घेऊ नका. परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

होकायंत्र काहीशे रुपयांत येतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही. विदर्भात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी न करता सुई दाखवेल ती दिशा धरता येते. आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. पण आपला घाट कोणत्या काठाला हे ठाऊक असेल तर निदान चुकीच्या काठाला डोंगा लागत नाही. लोखंडी घमेल्यापासून आणि इंजिनापासून हातभर दूर धरायचं.

माझा कौल असा. दिवसा जाणाऱ्यानं होकायंत्र आधी घ्यावं, आणि आहे तोच फोन पाऊच, पॉवर बँक आणि उतरवलेल्या नकाशासह तयार करावा. वेगळं यंत्र घेऊ नये. हिवाळाभर रोज पहाटे अंधारात निघणाऱ्यांनी मात्र तीन-चार डोंग्यांनी मिळून एक यंत्र घ्यावं आणि सगळ्यात पुढच्या डोंग्यावर द्यावं. तरी प्रत्येक डोंग्यात एक होकायंत्र हवंच.

काहीही घेतलंत तरी घाटाची खूण घरी बसून नकाशावर बोट ठेवून करू नका. डोंगा खुंटीला बांधलेला असताना त्यात बसून जागा जतन करा, आणि पाणी उतरून घाट खाली सरकला की नवी खूण करा.