कोच बघून कॉलेज घ्यावं की कॉलेज बघून? बायआउटचे आकडे काय सांगतात

अमेरिकेत खेळाच्या जोरावर प्रवेश मिळवणाऱ्या मुलापुढे दोन विद्यापीठांचे प्रस्ताव असले की घरात एक मुद्दा हमखास वरचढ ठरतो: ‘पहिल्या ठिकाणचा कोच नावाजलेला आहे, करार लांबचा आहे, बायआउटही जबर आहे. तो कुठे जात नाही.’ मुलगा न्यू जर्सीत वाढलेला असो की पुण्याहून टेनिस खेळायला निघालेला, या मुद्द्यावर चार वर्षं पणाला लावू नका, असं मला मनापासून वाटतं.

बायआउट म्हणजे करार मुदतीआधी मोडण्याची आधीच ठरवलेली किंमत. ती दोन्ही बाजूंनी असते. कोच सोडून गेला तर तो विद्यापीठाला देतो, विद्यापीठाने काढलं तर ते कोचला देतं. पालक बहुधा पहिलाच आकडा पाहतात.

तो किती अडवतो ते पाहा. अमेरिकन फुटबॉलचे कोच रिच रॉड्रिग्ज यांनी ऑगस्ट २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाशी नवा करार केला, बायआउट ४० लाख डॉलर. डिसेंबरमध्ये ते मिशिगनला गेले. प्रकरण कोर्टात गेलं आणि २००८ च्या जुलैमध्ये तडजोड झाली: २५ लाख मिशिगनने भरले, १५ लाख रॉड्रिग्ज यांनी. म्हणजे मोठा वाटा नव्या विद्यापीठाने उचलला. २०२४ मध्ये कॅलन डीबोर यांचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. ८ जानेवारीला त्यांचा वॉशिंग्टनचा संघ राष्ट्रीय अंतिम सामना हरला, १० तारखेला अलाबामाचे निक सेबन निवृत्त झाले आणि १२ तारखेला डीबोर अलाबामाचे कोच झाले होते. बायआउट सुमारे १ कोटी २० लाख डॉलर होता. चार दिवसांत सगळं आटोपलं.

कोर्टाने हे पैसे रास्त ठरवलेले आहेत. जेरी डिनार्डो १९९४ मध्ये व्हँडरबिल्ट सोडून लुइझियाना स्टेटला गेले, तेव्हा करारात उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी कपाती वजा जाता उरणारा मूळ पगार भरायचा, असं कलम होतं. अपील कोर्टाने १९९९ मध्ये ते कलम वैध मानलं. भरपाई विद्यापीठाला मिळते, त्या कोचसाठी आलेल्या खेळाडूच्या हाती त्यातलं काही येत नाही.

दुसरा आकडा, म्हणजे विद्यापीठाने कोचला काढल्यास द्यायची रक्कम, तोही भरवशाचा नाही. जिंबो फिशर यांनी डिसेंबर २०१७ मध्ये नियमित हंगामाचा शेवटचा सामना एका दिवसावर असताना फ्लोरिडा स्टेट सोडलं आणि टेक्सस ए अँड एमशी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार केला. पुढे मुदत वाढली. तरी नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं, सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर देणं पत्करून. अर्थात हे सगळं फुटबॉलच्या पैशाचं जग आहे. टेनिस, पोहणं, गोल्फ यांत रकमा खूपच लहान, म्हणून कोचला अडवणारा आकडाही लहान.

आता विद्यापीठाची बाजू. खेळाची शिष्यवृत्ती विद्यापीठ देतं, कोच नाही. त्यामुळे कोच गेला म्हणून ती आपोआप जात नाही, पण ती एका वर्षाची आहे की अनेक वर्षांची, याने फार फरक पडतो. एका वर्षाची असेल तर पुढच्या वर्षी नव्या कोचचा शब्द महत्त्वाचा ठरू शकतो. आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ जुन्या विद्यापीठांचा गट) आणि डिव्हिजन थ्रीमध्ये (कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी) खेळाची शिष्यवृत्तीच नसते. तिथे आर्थिक मदत खेळावर नाही, तर घरच्या परिस्थितीवर (डिव्हिजन थ्रीमध्ये अभ्यासातल्या गुणवत्तेवरही) ठरते, म्हणून कोच बदलला तरी फीचं गणित बिघडत नाही. ज्यांना शिक्षणाची चिंता आधी आहे, त्यांच्यासाठी हा मोठा दिलासा आहे.

‘कोच गेला तर ट्रान्सफर पोर्टल (दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन नोंद) आहेच’ असंही ऐकू येतं. पोर्टल २०१८ पासून आहे आणि २०२१ नंतर फुटबॉल-बास्केटबॉलमध्येही पहिल्या बदलीला वर्षभर न खेळता बाहेर बसावं लागत नाही. पण आधी पूर्ण केलेल्या विषयांची क्रेडिट्स सगळी जुळतातच असं नाही, आणि भारतातून एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर गेलेल्या मुलाला व्हिसाची नोंदही नव्या विद्यापीठाकडे वळवून घ्यावी लागते.

तेव्हा दोन प्रस्तावांत अडकला असाल, तर ज्या विभागात शिकायचं आहे तो आवडतो का आणि शिष्यवृत्ती किती वर्षांची आहे, हे आधी तोला. दोन्हीकडे सारखं असेल तर खुशाल कोच बघा. सही करण्याआधी क्रीडा विभागाला सरळ विचारा: ‘कोच गेले तर दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं काय?’ उत्तर लेखी मागा.